उतरण्याची शिदोरी

विमानाला धावपट्टी लागते, आणि मावळात, कोकणात किंवा माणदेशात सपाट मोकळी जागा म्हणजे शाळेचं मैदान, नाहीतर कापणी झालेलं वावर. आम्ही सुरुवातीला पंखांचं साधं विमान हाताने भिरकावून उडवायचो आणि पोटावर उतरवायचो. दहा उतरण्यांत त्याचं पोट मुरमावर घासून पांढरं व्हायचं, कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे यायचे. चार प्रॉपेलरचा ड्रोन कुठूनही उठायचा, कुठेही उतरायचा, पण अर्ध्या तासात बॅटरी संपवून परत यायचा. एखाद्या खोऱ्याचा नकाशा करायचा म्हणजे त्याची दिवसभर ये-जा.

म्हणून गेली अकरा वर्षं मी या दोघांचा मेळ घालणाऱ्या विमानांवर काम करतो आहे. ड्रोनसारखं सरळ वर उठायचं, हवेतच विमान व्हायचं, तास-दीड तास काम करायचं आणि पुन्हा ड्रोन होऊन उठल्या जागी उतरायचं. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली. २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले. कामं वाढली, आणि ‘किती वेळ उडतं?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत पहिला येऊ लागला. त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. त्या वर्षांत शिकलेलं इथे क्रमाने मांडतो. उदाहरणादाखल आमचंच एक यंत्र घेतो: वजन १५ किलो, पंखांचा विस्तार ३.६ मीटर, उचलण्यासाठी चार मोटरी आणि पुढे ढकलण्यासाठी मागे एक.

१. हवेत उभं राहणं हे उडण्यापेक्षा महाग असतं

हवेत एका जागी टिकायचं तर हवा खाली ढकलत राहावं लागतं. थोडी हवा जोरात ढकलली तर ऊर्जा जास्त जाते. पुष्कळ हवा हळू ढकलली तर कमी. वेगाने जाणारा पंख दर सेकंदाला हवेच्या प्रचंड लोटाला अगदी हलका धक्का देतो. उभ्या ड्रोनला मात्र प्रॉपेलरच्या वर्तुळात सापडेल तेवढ्याच हवेवर भागवावं लागतं. सगळं गणित या एका फरकात आहे.

आमच्या यंत्राला चार २२ इंची प्रॉपेलरवर उभं राहायला सुमारे २१०० वॉट लागत. तेच यंत्र सेकंदाला २० मीटर वेगाने पंखांवर जाऊ लागलं की सुमारे ४०० वॉट पुरत. म्हणजे उभं राहण्याचं एक मिनिट हे उडण्याची पाच मिनिटं खातं.

हे सूत्र मला कॉलेजपासून पाठ होतं. त्याचा अर्थ माळावर कळला. पहिल्या नमुन्याच्या वेळी आम्ही प्रत्येक उड्डाणात विमान वर नेऊन ‘जरा सगळं नीट आहे ना’ म्हणून मिनिट-दोन मिनिटं उभं ठेवायचो, आणि उतरताना मोकळ्या हवेत सावकाश खाली आणायचो. एकूण पाच मिनिटं. ती अडीच मिनिटांवर आणली तेव्हा उड्डाण १२ मिनिटांनी वाढलं. एकही भाग बदलला नव्हता. तपासणी जमिनीवर करायची, ३० मीटरवर पोचताच पुढे निघायचं, येताना विमान म्हणूनच खाली यायचं आणि शेवटचे ३० मीटर फक्त सरळ उतरायचं, एवढंच ठरवलं होतं. दीर्घ उड्डाणाची रचना पंखापासून सुरू होते असं मला वाटायचं. ती उभ्या मिनिटापासून सुरू होते.

२. प्रॉपेलर मोठा घ्या, आणि काम झालं की त्याला वाटेतून बाजूला करा

वर्तुळ मोठं केलं की तेवढंच वजन कमी विजेत उचललं जातं. १८ इंचांवरून २२ इंचांवर गेलो तेव्हा उभं राहण्याची वीज हिशोबाप्रमाणे सुमारे १८ टक्क्यांनी उतरली. मग २६ का नको? मोठा प्रॉपेलर जड असतो, फिरण्याची गती बदलायला वेळ घेतो, आणि झुळूक आली की विमान सावरण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत उशिरा पोचतो. शिवाय तो धरायला मोटरीचा दांडा, म्हणजे बूम, लांब लागतो. लांब बूम वाकतो आणि पिळला जातो.

दुसरी बाजू अशी की ९० मिनिटांच्या उड्डाणात या चार मोटरी ८७ मिनिटं काहीच करत नाहीत. त्या वेळात प्रॉपेलर आडवे थांबले तर प्रत्येक पातं वाऱ्याला अडवतं. ते प्रवासाच्या दिशेने रेषेत थांबले तर बूमच्या सावलीत लपतात. त्यांना तसं थांबवण्याची सोय आम्ही फार उशिरा केली, कारण ती किरकोळ वाटत होती. ज्या भागाचं काम तीन मिनिटांत संपतं, तो उरलेला सगळा वेळ कसा प्रवास करणार आहे, हे आधी विचारायला हवं.

३. प्रत्येक आकाराची स्वतःची अडचण असते. आपल्याला निभावता येईल ती निवडा

सरळ उठणारं विमान तीन प्रकारे करता येतं. शेपटीवर उभं राहून सगळं विमानच आडवं होतं, हा एक. मोटरी किंवा पंख वळतात, हा दुसरा. उचलण्याच्या मोटरी वेगळ्या आणि ढकलण्याची वेगळी, हा तिसरा.

पहिला सर्वांत हलका. एकही भाग निरुपयोगी होत नाही. पण २ नोव्हेंबर १९५४ ला अमेरिकेत कॉनव्हेअरच्या एक्सएफवाय-१ पोगोने उभं उठून, आडवं उडून पुन्हा उभं उतरून दाखवलं, तेव्हा वैमानिक जेम्स कोलमन यांना खांद्यावरून मागे जमीन बघत विमान खाली आणावं लागलं होतं. उडणं साधलं होतं, पण रोजच्या वापरात उतरणं कुणालाही जमेल असं नव्हतं. मानवरहित विमानात मान वळवणारा वैमानिक नसतो, पण जमिनीजवळ उभा पंख वाऱ्याचं शीड होतो, ही अडचण तशीच राहते.

दुसऱ्या प्रकारचं सर्वांना माहीत असलेलं विमान म्हणजे व्ही-२२ ऑस्प्रे. ते १९८९ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उडालं आणि सैन्यात नियमित सेवेत यायला त्याला २००७ उजाडलं. वळणाऱ्या सांध्यात बेअरिंग, सर्वो, वळणाऱ्या वायरी, सगळं आलं. त्यातलं एक अडकलं की विमान धड विमान राहत नाही, धड ड्रोन राहत नाही.

आम्ही तिसरा प्रकार घेतला. चार मोटरी, त्यांचे कंट्रोलर, प्रॉपेलर आणि बूम मिळून सव्वादोन किलोच्या वर वजन आम्ही प्रवासभर वाहतो. ते ओझं आहे हे मान्य. पण भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते बनवता येतं, गावात दुरुस्त करता येतं आणि काय बिघडलं ते एका नजरेत दिसतं. वीस माणसांच्या कंपनीने या गोष्टींना वजनाइतकीच किंमत द्यायला हवी.

४. सगळ्यात मोठी मागणी सगळ्यात थकलेल्या वेळी येते

या विमानाचा खरा पेच हा आहे. उठताना बॅटरी भरलेली असते, तेव्हा २१०० वॉट मागितले तरी ती देते. मग दीड तास तिच्याकडून निवांत चारशे-सव्वाचारशे वॉट घेतले जातात. आणि शेवटी, ती रिकामी होत आलेली असताना, आपण पुन्हा २१०० वॉट मागतो.

तिसरा नमुना आम्ही यामुळे गमावला. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, माण तालुक्यातला माळ. हिशोबाने विमान ९२ मिनिटं जायला हवं होतं. मला ११० हवी होती. प्रवासात व्होल्टेज ४१ दिसत होतं, बारा सेलच्या पॅकला ते ठीक वाटावं असं. शेजारी बसलेला आमचा पायलट दोनदा म्हणाला, “सर, आता बोलवूया का?” मी म्हटलं, “दहा मिनिटं थांब.”

उतरताना चारही मोटरी सुरू झाल्या, प्रवाह १० अँपिअरवरून ५५ वर गेला, आणि पॅक व वायरींच्या अंतर्गत रोधामुळे चार व्होल्ट एका क्षणात पडले. व्होल्टेज पडलं म्हणून मोटरींचा जोर कमी झाला. जोर कमी झाला म्हणून कंट्रोलरने आणखी प्रवाह मागितला. आणखी प्रवाह म्हणजे आणखी घसरण. जमिनीपासून बारा-तेरा मीटरवर एक झुळूक आली. उजवीकडची पुढची मोटर आधीच पूर्ण जोरावर होती. सावरायला तिच्याकडे काही उरलेलंच नव्हतं. विमान त्या कोपऱ्यावर कललं आणि पडलं.

पन्नास मीटरच्या आत कुणाला उभं राहू द्यायचं नाही हा आमचा नियम होता, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पंख मधोमध तुटला होता. पायलट काही बोलला नाही. मीच त्याला म्हटलं, “तू बरोबर होतास.” एवढं त्याच दिवशी, त्याच जागी म्हणणं गरजेचं होतं.

प्रवासातलं व्होल्टेज हे बसलेल्या माणसाच्या नाडीसारखं असतं. त्यावरून तो जिना चढू शकेल की नाही ते कळत नाही. आता आम्ही प्रत्येक पॅक टेबलावर पाऊण रिकामा करतो आणि मग त्याच्याकडून दोन मिनिटं उतरण्याइतका प्रवाह घेतो. व्होल्टेज कुठवर पडतं ते लिहून ठेवतो. पन्नास वापरांनंतर पुन्हा, शंभरांनंतर पुन्हा. पॅक म्हातारा होतो तसा त्याचा रोध वाढतो, आणि नव्या पॅकवर काढलेला आकडा जुन्या पॅकला लावणं ही स्वतःची फसवणूक असते.

५. शिदोरी वेगळ्या डब्यात बांधा

अपघातानंतर आम्ही नियम केला: उतरून झाल्यावर पॅकमध्ये २० टक्के उरलेच पाहिजेत. नियम चांगला होता. पण कामाच्या घाईत, शेवटचा एक पट्टा उरला असताना, कुणीतरी माझ्यासारखं ‘दहा मिनिटं थांब’ म्हणणारच. एकाच डब्यातलं जेवण असेल तर रात्रीसाठी राखलेली भाकरी दुपारीच मोडली जाते.

म्हणून पुढच्या रचनेत उचलण्याच्या मोटरींना स्वतंत्र बॅटरी दिली. प्रवासासाठी लिथियम-आयन सेल, कारण त्यांत किलोमागे ऊर्जा जास्त मावते. आमच्या पॅकमध्ये किलोला सुमारे २१० वॉट-तास. उठण्या-उतरण्यासाठी लहान लिथियम-पॉलिमर पॅक. तो किलोमागे कमी साठवतो, पण मागितलेला प्रवाह झटक्यात देतो. ९०० ग्रॅमच्या त्या पॅकमध्ये सुमारे ४ मिनिटं उभं राहण्याची वीज आहे. मोठा डबा प्रवासात कितीही रिकामा झाला तरी या डब्याला हात लागत नाही. तशी वायरच जोडलेली नाही.

एकूण वजन तेच ठेवायचं म्हणून मोठ्या पॅकमधून ९०० ग्रॅम काढावे लागले. उड्डाण ९२ मिनिटांवरून ८४ वर आलं. ग्राहकाच्या कागदावर ९० लिहिलेलं होतं. आमच्या बैठकीत बराच वेळ शांतता होती. जुनीच रचना ठेवू, कागदाला ती पुरते, असं एकाने सुचवलं. ती कागदाला पुरली असती, पण तिसऱ्या नमुन्याचा तुटलेला पंख मी वर्कशॉपच्या भिंतीला टांगून ठेवला होता, आणि आम्ही सगळे त्याच्याखालीच बसलो होतो. आम्ही ८४ असं कळवलं, कारण लिहिलं आणि उरलेली सहा मिनिटं शोधायला तीन महिने मागून घेतले.

६. हरवलेली मिनिटं ग्रॅममध्ये सापडतात

वजन १० टक्क्यांनी वाढलं तर उडण्याची वीज सुमारे १५ टक्क्यांनी वाढते; उभं असतानाही आणि पंखांवरही. वजन आपल्याला दोन्हीकडे गाठतं. आणि ते किलोने येत नाही. ते लांब ठेवलेल्या वायरीतून, ‘असू दे’ म्हणून लावलेल्या जादा स्क्रूमधून, रंगाच्या दुसऱ्या हातातून येतं.

आमच्याकडे लॅमिनेशन करणाऱ्या कारागिरांना सगळे मामा म्हणतात. वजनाची वही सुरू केली तेव्हा त्यांना ती आवडली नाही. “साहेब, रेझिन कमी घातलं तर पंख भुसभुशीत होईल. मी हाताने बघतो ना.” मी वाद घातला नाही. आम्ही दोघांनी मिळून सहा लहान पट्ट्या केल्या, रेझिनचं प्रमाण बदलत, आणि त्यांच्याच हाताने त्या मोडल्या. जास्त रेझिनची पट्टी जड होती, पण भार घेण्यात पुढे नव्हती. भार कार्बनचे धागे घेतात. रेझिन त्यांना फक्त धरून ठेवतं. मामांनी जास्त आणि कमी रेझिनच्या पट्ट्या हातात तोलून पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून निर्वात पिशवीखाली जादा रेझिन शोषून घेण्याचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यांचा पंख २.१ किलोवरून १.८५ वर आला. वायरी, जोड आणि झाकणं मिळून उरलेलं साडेतीनशे ग्रॅम निघालं. एकूण १५ किलोचं १४.४ झालं.

त्यातून जवळजवळ पाच मिनिटं मिळाली. उरलेली दुसऱ्या अनुभवात सांगितलेल्या थांबलेल्या प्रॉपेलरना रेषेत आणून मिळाली. नव्वदी गाठली, आणि शिदोरीचा डबा तसाच राहिला. मला या कामातली सर्वांत समाधानाची गोष्ट कोणती असं विचारलं तर मी हे तीन महिने सांगेन.

७. पुलाच्या मधोमध थांबायचं नसतं

उभ्या स्थितीतून पंखांवर जाण्याचा काळ दहा-बारा सेकंदांचा असतो. आमचा पंख सेकंदाला १४ मीटरखाली भार पेलत नाही. मागची मोटर विमानाला पुढे रेटते, तोवर चार मोटरी वजन धरून ठेवतात, आणि वेग १७ पार झाला की त्या सोडतात. घाईने सोडलं तर विमान खाली बसतं. उशीर केला तर दोन्हीकडची वीज एकदम जळते.

हा निर्णय विमान हवेच्या वेगावरून घेतं, आणि तो वेग पिटो नावाच्या बारीक नळीतून कळतो. एकदा सकाळी सगळं तपासून विमान उठवलं, पुढे निघालं, पण वेग शून्याच्या आसपासच दिसत राहिला. चारही मोटरी सोडायला तयार नव्हत्या. पायलटने ते लगेच मागे घेऊन उतरवलं. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधलं होतं. आदल्या रात्री विमान शाळेच्या पडवीत ठेवलं होतं आणि नळीवर टोपी घालायची राहिली होती.

त्यातून दोन गोष्टी पक्क्या केल्या. नळीला लाल फीत लावलेली टोपी, आणि उड्डाणाआधी नळीसमोर तळहाताने वारा घालून आकडा हलतो का ते पाहणं. शिवाय यंत्रालाच शिकवलं की बारा सेकंदांत वेग आला नाही, किंवा हवेचा वेग आणि जीपीएसचा वेग यांत न पटणारं अंतर दिसलं, तर वाट पाहायची नाही. परत उभं राहायचं आणि उतरायचं. पूल ओलांडता येत नसेल तर मागे फिरण्याएवढी ताकद शिल्लक असतानाच फिरलं पाहिजे. ती ताकद पुन्हा त्या छोट्या डब्यातूनच येते.

८. वाऱ्याला नाक दाखवा

लांब पंख असलेलं विमान हवेत उभं राहिलं की त्याला बाजूचा वारा ढकलतो, फिरवतो, एक पंख उचलतो. चार मोटरींच्या ड्रोनला स्वतःभोवती फिरवणारी ताकद प्रॉपेलरच्या प्रतिक्रियेतून येते, आणि ती मुळातच दुबळी असते. लहान ड्रोनला पुरते. साडेतीन मीटर पंखाच्या विमानाला पुरत नाही.

आम्ही तीन उपाय केले. मोटरी दोन-तीन अंशांनी तिरप्या बसवल्या, म्हणजे त्यांच्या जोराचा थोडा भाग वळवायच्या कामी येतो. बूम पिळले जाऊ नयेत म्हणून त्यांच्या नळ्यांत तिरप्या धाग्यांचे थर वाढवले. वजनाच्या वहीत हे ४० ग्रॅम मी आनंदाने लिहिले. आणि विमानाला सांगितलं की उभं असताना वाऱ्याशी झगडायचं नाही, देवळावरच्या पताकेसारखं वळून नाक वाऱ्याकडे करायचं. तसं केलं की तोच वारा पंखाला थोडा आधार देतो आणि उभं राहण्याची वीज उलट कमी होते.

सह्याद्रीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. डोंगराच्या वाऱ्याआडच्या अंगाला हवा खाली कोसळते. ती सेकंदाला ३ मीटरने उतरत असेल तर उंची नुसती टिकवायलाही विमानाला सतत ३ मीटरची चढण चढावी लागते, आणि आमची प्रवासाची वीज जवळजवळ तिप्पट होते. नकाशावर सरळ रेषा आखणं सोपं असतं. आम्ही आता कड्याच्या त्या बाजूची कामं सकाळी, वारा उठण्याआधी करतो.

९. हवाही सगळीकडे सारखी नसते

कागदावरचे आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि १५ अंशांचे असतात. सुमारे ६०० मीटर उंचीच्या माळावर मे महिन्यात ४० अंश तापमानात हवा त्यापेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. उभं राहायला ८ टक्के जास्त वीज लागते. लडाखकडे ४५०० मीटरवर हवा तिसऱ्या हिश्शाहून अधिक विरळ होते, वीज पंचवीस टक्क्यांवर वाढते, प्रॉपेलर तेवढ्याच प्रमाणात जास्त वेगाने फिरावे लागतात, आणि थंडीने बॅटरीचा रोध वाढलेला असतो. म्हणजे चौथ्या अनुभवातला सगळा पेच तिथे दुप्पट होऊन समोर येतो.

म्हणूनच २०२१ च्या जानेवारीत भारतीय सैन्याने मुंबईच्या आयडियाफोर्जकडून स्विच हे याच जातीचं, साडेसहा किलोच्या आसपासचं विमान घेण्याचा सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला, ती बातमी मी दोनदा वाचली. आपल्याकडे विचार झालेलं आणि घडवलेलं सरळ उठणारं विमान अशा कामासाठी निवडलं जातं, ही माझ्यासारख्या सगळ्यांना बळ देणारी गोष्ट होती.

१०. पेट्रोलचा मोह समजून घ्या, मग ठरवा

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातला पाचवा-सहावा हिस्साच कामी आणतं, तरी ते बॅटरीच्या जवळपास दहापट होतं. म्हणून दहा-बारा तास उडणारी यंत्रं बहुधा प्रवास पेट्रोलवर आणि उठणं-उतरणं बॅटरीवर करतात. अमेरिकेतलं जंप २० त्यातलंच, सुमारे १४ तासांचं. त्याचं वजन मात्र शंभर किलोच्या घरात जातं.

आम्ही एक वर्ष हा मार्ग चालून पाहिला. इंजिनाच्या थरथरीने फोटो पुसट आले, जोड सैल झाले, आणि ड्रोन नियमांतल्या २५ किलोच्या आतल्या ‘स्मॉल’ वर्गात राहायचं हे आमचं बंधन मोडायची वेळ आली. ज्याला सीमा किंवा समुद्र पाहायचा आहे त्याने पेट्रोल जरूर घ्यावं. ज्याला एका दिवसात चार गावांची मोजणी करायची आहे त्याला दीड तास पुरतो.

११. जो उडवणार आहे त्याच्या हाताचा विचार करा

आमचं विमान अभियंते उडवत नाहीत. प्रशिक्षण घेतलेली बावीस-चोवीस वर्षांची मुलं-मुली उडवतात, उन्हात, तिसऱ्या गावात, दुपारी चार वाजता, आणि भोवती पोरं जमलेली असतात. म्हणून पंख स्क्रूने न जोडता खटकीने बसतो. दोन बॅटऱ्यांचे जोड वेगळ्या आकाराचे आहेत. चुकीच्या जागी ते बसतच नाहीत. तपासणीची यादी पंधरा ओळींची आहे. ती आधी चाळीस ओळींची होती आणि कुणी वाचत नव्हतं.

१२. उरलेली वीज वाया गेलेली नसते

गेल्या हिवाळ्यात जुन्नरकडच्या एका गावात मी नुसता बघायला गेलो होतो. काम संपवून विमान परत आलं, उभं झालं आणि खाली येऊ लागलं. वीस मीटरवर असताना मैदानाच्या कडेने शेळ्यांचा कळप नेमका उतरण्याच्या जागेवर आला. मागे एक म्हातारी आजी, तिच्या लक्षातच नव्हतं.

विमान उडवणाऱ्या मुलीने ते थांबवलं, थोडं वर घेतलं, नाक वाऱ्याकडे वळू दिलं आणि सोबतच्या मुलाला म्हणाली, “आजींना सांग, सावकाश जाऊ देत. घाई नाही.” मी मनातल्या मनात वॉट मोजत होतो. ती मोजत नव्हती. तिच्या पडद्यावर छोट्या डब्याचा आकडा हिरवा होता. पाऊण मिनिटाने मैदान मोकळं झालं, आणि विमान पांढऱ्या चुन्याच्या खुणेवर येऊन टेकलं.

मोठ्या डब्यात फारसं काही उरलं नव्हतं. छोट्या डब्यात चौथ्या हिश्शाच्या आसपास शिल्लक होती. ती संध्याकाळी मी वहीत लिहिली, आणि त्यापुढे माळावरच्या त्या दहा मिनिटांची तारीखही.